बेंबीच्या खांबावरचा हात

रेन्नूच्या घराला सोळा खांब होते आणि गावात हात उरले होते पंधरा.

तळं चढायला लागलं त्या दिवसापासून रेन्नू ही मोजणी करत होती. पालिसू गावात आता सात घरं आणि एकोणीस माणसं. त्यातली मक्कुलाउची आई अंथरुणाला खिळलेली, तिला धरायचं नाही. सुद्दिंगच्या दोन नातींना अजून दात आले नव्हते, त्याही गेल्या. सुद्दिंगचा जावई दोन वर्षांपूर्वीच ताडावरून पडून हात मोडून बसला होता, आणि तोही नेमका उजवा. उरले पंधरा. बोटांवर मोजा, खडे मांडून मोजा, शेजारच्या डाल्लेला मोजायला लावा, पंधराच. गेल्या वर्षी सोळा होते. सोळावा हात तिच्या नवऱ्याचा होता, आणि आम्बो तुओ सात महिन्यांपूर्वी तापाने गेला.

बाकीच्या सहा घरांना काळजी नव्हती, ती बारा खांबांची. रेन्नूचं घर तेवढं सोळा खांबांवर. तिच्या सासऱ्याच्या आज्याने ते उभं केलं तेव्हा पालिसूत नव्वद घरं होती आणि घर उचलायच्या दिवशी माणसं एकमेकांना ढकलून खांब पकडायची. म्हाताऱ्याला वाटलं असणार, हे असंच चालू राहील. सगळ्यांनाच तसं वाटतं.

आमच्याकडे घरं चालतात. तळं उतरलं की टेकाडावरून आपली आपण खाली येतात, दिवेलागणीला गुरं गोठ्यात येतात तशी, आणि गाळावर बसतात. मग आम्ही त्या गाळात भात लावतो. तळं चढलं की मात्र त्यांना वर न्यावं लागतं, आणि चढावर घराला माणसं लागतात. एका खांबाला एक माणूस, एक उजवा तळहात. त्या खांबांपैकीच एक, घराच्या मधोमध असतो तो बेंबीचा खांब. त्यावर घरच्या बाईचा हात. तिने घराला नावाने हाक मारायची. पहिल्या हाकेपासून कुणी खांबावरचा हात काढायचा नाही. घर उठतं ते सहसा पहिल्या हाकेलाच. आळशी असलं तर दुसऱ्या. तिसऱ्या हाकेला नाही उठलं तर मग ते बसलं. बसलेल्या घराला मुळं फुटतात, खांबांना साल येते, आणि दोन वर्षांत तिथे झाड असतं. पालिसूत आता घरांपेक्षा अशी झाडंच जास्त. काहींच्या बुंध्यात अजून खिडकीची चौकट दिसते. एकाच्या फांदीत शिडीची पायरी अडकली आहे, तिच्यावर माकडं बसतात.

आणि हात कुणाचाही चालत नाही. त्या घराच्या चुलीवरचा भात ज्याने त्या वर्षात खाल्ला, बसून खाल्ला आणि त्या घरच्या, नाहीतर त्या वर्षी तिथे जेवलेल्या कुणाच्या तरी हातून वाढून घेतला, त्याचाच हात खांब ओळखतो. म्हणून पालिसूत वर्षभर पंगती चालतात. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. बाहेरचे म्हणतात, काय प्रेमळ गाव! प्रेम असेल किंवा नसेलही. इथे दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड न बघता वीस वर्षं एकमेकांकडे जेवले आहेत.

वाढून घेतलेलाच भात चालतो हे सगळ्यांना पाठ होतं ते सुद्दिंगमुळे. पोरवयात हा सुद्दिंग महाखादाड. एकदा सगळे शेतात असताना त्याने रेन्नूच्या स्वयंपाकघरात शिरून पातेल्यातला भात मुठीमुठीने खाल्ला आणि पंगतीच्या दिवशी "माझं झालंय" म्हणून मासे धरायला पळाला. घर उचलायच्या दिवशी पहिल्या हाकेला पंधरा खांब उठले आणि सुद्दिंगचा तसाच. सगळं घर एका बाजूला कललं, वरून मडकी गडगडत आली. रेन्नूच्या सासूच्या लक्षात आलं. तिने पातेलं मागवलं, तळाशी राहिलेला गार भात घेतला आणि खांबावर हात ठेवलेल्या सुद्दिंगला सगळ्यांदेखत भरवला. तो ओशाळून चावतोय आणि घर सरळ होतंय! तेव्हापासून म्हातारीचा दंडक होता, की घर वर जाईपर्यंत पातेलं खरवडायचं नाही. मूठभर भात तळाशी राहू द्यायचा.

त्या वर्षी रेन्नू नवी नवरी होती. सतरा वर्षांची, कोळ्याची पोर, भाताला आधण किती ठेवायचं तेही तिला धड येत नव्हतं. सासूने तिला एकच गोष्ट शिकवली, वाढायला. "रांधणं कुणालाही जमतं गं," ती म्हणायची, "समोरच्याला नको म्हणायची सवड न देता वाढता आलं पाहिजे." आणि रेन्नू ती विद्या अशी शिकली की पुढे पालिसूत तिच्या दारावरून उपाशी जाणं हा गुन्हा झाला. भरल्या पोटी आलेल्या माणसाला ती "जरा बस" म्हणायची, आणि तो बसला की संपलंच. मासे विकायला आलेले, लग्न जुळवायला आलेले, भांडायला आलेले, सगळे जेवून गेले. एक सरकारी मोजणीवाला आला होता, गावात माणसं किती ते लिहायला. तो तीन वेळा जेवला आणि मोजायचं विसरून गेला.

ती स्वतः कधी जेवायची हे कुणी पाहिलं नव्हतं. बाई जेवतेच की. चुलीपाशी उभी राहून, पातेलं हातात घेऊन, एका कुल्ल्यावर टेकून, कशीतरी जेवते. तिच्यासाठी कुणी ताट मांडलं नाही आणि तिलाही त्याची चुटपुट लागली नाही.

म्हणजे, वर्षातला एक दिवस सोडून. घर उचलायच्या आदल्या दिवशी आम्बो तुओ तिच्या हातातून डाव काढून घ्यायचा. हा माणूस तसा थंड. दिवसभर जाळी विणत बसायचा आणि दहा प्रश्नांना एक उत्तर द्यायचा. पण त्या दिवशी त्याच्या अंगात यायचं. "आज तू बस," म्हणायचा, "आज मी बाई." तिला दंडाला धरून बसवायचा, ताटात भाताचा डोंगर करायचा, अर्धा जमिनीवर सांडायचा आणि बायकी आवाज काढून म्हणायचा, "संकोच करू नका हं, घर तुमचंच आहे." पोरं हसून लोळायची. त्याचा बापही त्याच्या आईला असंच वाढायचा, म्हणे. बापाला विचारलं असतं तर त्याने आज्याचं नाव सांगितलं असतं. घरोघरी चालणारा हा खेळ का खेळायचा हे कुणी कुणाला विचारलं नाही. रेन्नू तोंडाने "पुरे, सोंग पुरे" म्हणायची आणि शितन् शीत खायची.

यंदा तो नव्हता, आणि सगळं गाव त्याचा एकच हात मोजत होतं, खांबावरचा.

"माझ्याकडे ये राहायला," डाल्ले म्हणाली. ही तिची शेजारीण, तिच्याच वयाची, तोंडाची फाटकी पण मनाची नाही. "सोळा खांबांचं ते धूड घेऊन काय करणारेस? तुला एकटीला झोपायला चार फळ्या बस झाल्या."

"आणि चूल?"

"माझी आहे ना. की माझ्या चुलीला धूर येतो?"

"तुझ्या चुलीवर मी जेवीन. वाढीन कुठून?"

ज्या बाईला चूल नाही ती पालिसूत फक्त जेवणारी. तिच्या हाताला दुसऱ्यांच्या घरी काम, स्वतःचं काही नाही. रेन्नूने सेहेचाळीस वर्षं लोकांना वाढलं होतं. ते गेल्यावर आपण कोण, हे तिला कळत नव्हतं, आणि म्हणून ते घर तिला टेकाडावर हवं होतं. याहून दुसरं कारण नव्हतं आणि तिला ते पुरेसं होतं.

तिने नाववाल्याबरोबर निरोप धाडला. नाववाला बाजाराच्या गावी जाऊन फोन लावायचा; पालिसूत फोन लागतच नाही. निरोप समुद्रापार तावाउला, तिच्या मुलाला, बेद्दूला. तो तिथे तेलताडाच्या मळ्यात घडांची तोड करायचा. आठ वर्षं झाली होती. तिकडचीच बायको केली होती. बापाच्या मातीला त्याला पोचता आलं नव्हतं. निरोप एवढाच होता: *सोळावा खांब रिकामा आहे.*

उत्तर आलं, "येतो."

मग रेन्नू कामाला लागली. यंदा तांदूळ कमी होता. तळं उशिरा उतरलं होतं आणि लोंब्या पोचट गेल्या होत्या. तरी पंधरातल्या चौदाजणांना तिने एकेक करून बोलावलं, बसवलं, वाढलं आणि प्रत्येकाच्या नावाने भिंतीवर चुन्याचं बोट ओढलं. स्वतःसाठी सागोची, ताडाच्या गाभ्यातल्या पिठाची, खळ करायची आणि चुलीपाशी उभ्याने प्यायची. कधी भात उरलाच तर पातेल्यातूनच चार घास घ्यायची. एकटीसाठी ताट कोण मांडतं? भिंतीवर चौदा बोटं झाली. पंधरावी ती स्वतः. ते बोट तिने विचार न करताच ओढलं. जी रांधते तिला कोण विचारतंय जेवलीस का म्हणून. सोळाव्याची जागा मोकळी ठेवली.

पहिल्या दिवशी तीन घरं वर गेली, दुसऱ्या दिवशी तीन. मोठं घर शेवटी न्यायचं ही रीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेन्नूच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि बेद्दूचा पत्ता नव्हता.

दाएंग मक्कुलाउ कमरेएवढ्या पाण्यातून आला. गावात थोरपण उरलं होतं ते त्याच्याकडे. दाएंग म्हणायला दुसरं कुणी शिल्लक नव्हतं. "रेन्नू, दुपारपर्यंत. त्याच्यापुढे पाणी छातीला येईल, म्हातारी माणसं खांबापाशी उभी राहणार नाहीत. मग तू सामान काढ."

"येईल तो."

"मी नाही कुठे म्हणतोय? पण समुद्र त्याच्या बापाचा नाही."

उन्हं डोक्यावर यायच्या आत नावेचं इंजिन ऐकू आलं. रेन्नू ओसरीवर उभी होती. नावेतून उतरला तो रुंद खांद्यांचा, कानाशी पांढरा झालेला माणूस. क्षणभर तिला वाटलं, पुन्हा कुणी मोजणीवालाच आला. मग तो पाण्यात पाय टाकताना डावीकडे झुकला, त्याच्या बापासारखा, आणि तिने ओळखलं.

"इंदो," तो म्हणाला. आई म्हणायची आमच्याकडची हाक. आठ वर्षांत या घरात ती कुणी मारली नव्हती.

"रडायचं नंतर," ती म्हणाली, जरी रडत तीच होती. "आधी बस. जेव."

तांदूळ होता तेवढा सगळा तिने सकाळीच शिजवून ठेवला होता. तिने त्याला वाढलं. बेद्दू खाऊ लागला आणि तिला दिसलं, हा माणूस उपाशी आहे. दोन दिवस जहाजात, एक दिवस नावेत, आणि त्याआधी कोण जाणे किती. ती वाढत गेली. सुका मासा, मिरची, पुन्हा भात. तो नको म्हणाला नाही.

"तिकडे भात मिळतो ना रे?"

"मिळतो. यंत्रावरचा. खरपुडी लागतच नाही त्याला."

लहानपणी या पोराने खरपुडीसाठी बहिणीचा हात चावला होता. ती बहीण पाच वर्षांची होऊन गेली, पण चावल्याची खूण रेन्नूला आठवत होती. तिने पातेलं ओढलं. तळाला तांबूस, कुरकुरीत खरपुडी धरलेली. सासूचा दंडक तिला आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तिने तो मोडला. तिच्या मनात आलं, सगळ्यांचं जेवून झालंय, भिंतीवर बोटं आहेत, आता भात राखायचा कुणासाठी? सुरीने कडा सोडवून अख्खी खरपुडी तिने त्याच्या ताटात घातली. थोडी शितं तळाला चिकटून राहिली. तो कडकड चावत होता आणि ती समोर बसून ऐकत होती. सात महिन्यांत तिने इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

भिंतीवर सोळावं बोट ओढून ती टेकाडावर डाल्लेकडे तिची टोपली द्यायला गेली. परत आली तोवर बेद्दूने चूल विझवली होती, राख पाण्यात सोडली होती, कारण पोटात विस्तव असलेलं घर उठत नाही हे त्याला अजून आठवत होतं. रेन्नूला भरून आलं. पोरगं काही विसरलं नव्हतं.

सोळा माणसं पाण्यात उतरली. छातीशी पाणी, वर घराची जमीन, आणि ज्याच्या त्याच्या तळव्याखाली ज्याचा त्याचा खांब. सुद्दिंग त्याच्या ठरलेल्या कोपऱ्यावर होता, साठीजवळचा, पोट सुटलेला. "या वेळी वाढून घेऊन खाल्लंय हं," तो ओरडला, "उगाच माझ्याकडे बघू नका!" सगळे हसले. डाल्ले म्हणाली, "वाढून घेऊन खाल्लंस ते चार माणसांचं खाल्लंस, घर तुझ्याकडेच कलणार." बेद्दू त्याच्या बापाच्या खांबाशी उभा होता, रेन्नूपासून चार हातांवर, आणि खांबाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

रेन्नूने बेंबीच्या खांबावर हात ठेवला.

"तेदोंग!" तिने हाक मारली. घराचं नाव. तेदोंग म्हणजे रेडा. ते चालायचंच तसं, जड, मान खाली घालून.

काही झालं नाही. पाणी खांबांना चुबकत राहिलं.

"झोपलंय," सुद्दिंग म्हणाला. "जेवण जड झालं असणार."

पण रेन्नू हसली नाही. बेंबीच्या खांबात हाक मारण्याआधीच एक ठोका लागतो, गाईच्या पोटावर हात ठेवला की लागतो तसा. सेहेचाळीस वर्षं तो तिच्या तळव्याला लागला होता. आज खांब लाकडाचा होता, नुसत्या लाकडाचा. तिने तळवा दाबला. बोटं पसरली. काही नाही.

"बेद्दू, नीट ठेव हात," मक्कुलाउ मागून म्हणाला.

"नीटच आहे, दाएंग."

"तेदोंग!"

दुसरी हाक तळ्यावरून जाऊन परत आली. घर हललं नाही. आता कुणी विनोद करेना. चौदा डोळ्यांच्या जोड्या बेद्दूकडे वळल्या. एका चुकीच्या हाताने एकच खांब अडतो हे कुणाला आठवलं नाही; बाहेरून आलेला हात तेवढा त्याचाच होता, आणि पाण्यात उभ्या माणसाला ते कळतं. बेद्दूने दुसरा हातही पहिल्यावर दाबून धरला होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आणि रेन्नूला त्याच्या कपाळावर, घाम आला होता तिथे, त्याचा बाप दिसला. डाव हातात धरलेला. *आज तू बस. आज मी बाई.*

तिला कळलं. सगळं एकदम कळलं. तो खेळ नव्हता. किंवा खेळ करता करता पुरुषांनी घरात ठेवून दिलेली ती एक गोष्ट होती, जिच्यावर घर उठायचं. या वर्षात तिला तिच्या घरात कुणी वाढलं नव्हतं. डाल्लेकडे वाढलं होतं, मक्कुलाउकडे वाढलं होतं, सगळ्या गावाने आपापल्या घरी तिला वाढलं होतं, कारण त्यांना तिचा हात हवा होता. तिच्या घरात तीच सगळ्यांना वाढत होती. पातेल्यातून तिने खाल्लं होतं, सुद्दिंगने खाल्लं होतं तसं.

पण पातेलं होतं. चिकटलेली शितं होती. एक घास पुरे होता. सुद्दिंगलाही एकाच घासाने भागलं होतं. वर, घराच्या ओसरीवर सुद्दिंगचा मोडक्या हाताचा जावई बसला होता, या घरी चारदा जेवलेला. तो पातेलं खाली धरील, डाव्या हाताने तिला भरवील.

"बेद्दू," ती म्हणाली, जमेल तेवढ्या सहज आवाजात, "पातेल्यात थोडा भात आहे ना रे तळाला?"

बेद्दूचा चेहरा, एवढ्या भीतीतही, जरासा उजळला.

"नाही इंदो. मी घासून ठेवलं. सगळी भांडी घासली. तुला वर गेल्यावर काम नको."

आठ वर्षांनी आलेलं पोर, तीन दिवसांचा प्रवास करून, आईची भांडी घासून उभं होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली.

पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. डाल्ले थरथरत होती. खांबावरचा हात काढता येत नव्हता, आणि सगळ्यांनी असं उभं राहून काय होणार होतं? रेन्नूने डोळे मिटले. तिसरी हाक तिने मोठ्याने मारली नाही. झोपलेलं माणूस उठू नये अशा आवाजात त्याचं नाव घ्यावं, तशी मारली.

घर बसलं. आवाज झाला नाही. फक्त तळव्याखाली, लाकडाच्या आत कुठेतरी, काहीतरी खाली सरकलं आणि गाळात गेलं, आणि सोळाही जणांनी ते एकाच वेळी ओळखलं आणि हात काढले.

पाण्यातून टेकाड चढून सोळाजण वर आले. मग ओल्या कपड्यांनी सगळे डाल्लेच्या घरापुढे उभे असताना मक्कुलाउने बेद्दूच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाईट होतं. "मनाला लावून घेऊ नकोस, पोरा. दुसऱ्या मुलखाचं पाणी अंगात मुरलं की हात बदलतो. तुझा दोष नाही. तुझा हात आता इथला नाही, एवढंच."

बेद्दू आपला तळहात उलटा करून बघत होता. ताडाचे काटे लागून लागून तो खडबडीत झाला होता. त्याने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

रेन्नूपुढे दोन वाटा होत्या आणि दोन्हींच्या टोकाला तिचा मुलगा होता. गप्प राहावं, तर तो हा तळहात जन्मभर उलटा करून बघत बसेल आणि पुन्हा इकडे पाऊल टाकणार नाही. सांगावं, तर तो जन्मभर ते पातेलं घाशील. यातलं हलकं कुठलं? शेवटी हलकं कुठलंच नव्हतं. एक खरं होतं एवढंच.

"त्याचा हात खरा होता," ती म्हणाली. "खोटा माझा होता."

"काय बोलतेस?"

"तो गेल्यापासून माझ्या घरात मला कुणी वाढलं नाही, दाएंग. मी उभ्यानेच जेवले."

डाल्लेने तोंडावर हात नेला. सुद्दिंग खाली बघायला लागला. सगळेजण वर्षभर त्या घरी जेवले होते, कुणी एकदा, कुणी चारदा. ताटावरून उठताना "मस्त झालं होतं" म्हणाले होते. "तू बस, मी वाढतो" म्हणायला दोन क्षण लागले असते. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण तसं कुणी म्हणालं नाही, एवढी लाज त्यांना होती.

बेद्दूला कळायला थोडा वेळ लागला. ते त्याच्या चेहऱ्यावर पायरी पायरीने उतरलं: भात, खरपुडी, पातेलं. मग तो जमिनीवर बसला.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "हात काढला असता मी. पळत जाऊन—"

"पळून कुठे? तांदूळ संपला होता."

"इंदो, मी तो सगळा खाल्ला."

"खायलाच दिला होता," ती म्हणाली, जरा रागानेच. "उगाच त्याची चव घालवू नकोस."

त्या संध्याकाळी टेकाडावरच्या सहाही घरांत पुरुषांनी डाव हातात घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. सुद्दिंगने बायकोच्या अंगावर वरण सांडलं आणि शिव्या खाल्ल्या. मक्कुलाउने अंथरुणावरच्या आईला भरवलं. हसलं कुणीच नाही. आता तो खेळ राहिला नव्हता. भीती होती ती.

डाल्लेने चूल पेटवली, भात केला, आणि रेन्नूसाठी ताट मांडून डाव उचलला. बेद्दूने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मी वाढतो."

"अरे, तू वाढून उपयोग काय?" डाल्ले म्हणाली, तिला राहवलं नाही. "तू या घरचा नाहीस, इथे यंदा जेवलेलाही नाहीस. तिचा हात इथे लागू व्हायचा तर मी वाढायला हवं."

"मला माहीत आहे," बेद्दू म्हणाला.

ओसरीवरून खाली तळं दिसत होतं आणि तळ्यात ते घर, गळ्यापर्यंत पाण्यात, आम्बो तुओच्या जाळ्यांसकट. चार-सहा महिन्यांनी पाणी उतरेल तेव्हा खांबांना साल आलेली असेल. बेद्दूची नाव परवा होती. तो तिला "चल" म्हणणार होता, आणि ती नाही म्हणणार होती, कारण ती गेली तर गावात चौदा हात उरतात, आणि चौदा म्हणजे बाराच्या फार जवळ. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बस," तो म्हणाला.

रेन्नू बसली. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकून, पाहुणी बसते तशी. त्याने डावाने भात घेतला, अर्धा जमिनीवर सांडला, आणि पुन्हा घेतला. ताटात डोंगर झाला तरी तो थांबेना. "पुरे," ती म्हणाली. तो थांबला नाही. त्या भाताला कुठलाच खांब ओळखणार नव्हता. तिने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि सांडलेलं वेचून शेवटच्या शितापर्यंत जेवली.